हातांनी बोलणारं माणूस

४ जुलै
मिरजगावला संस्थेत गेले. पत्र्याच्या दोन खोल्या. बहिऱ्या माणसांसाठी खुणांच्या भाषेच्या दुभाषी तयार करतात. तिघी तयार, काम कुठेच नाही. संस्था चालवणारे जाधवसर म्हणाले, "सरकारी कचेऱ्यांनी आम्हाला बोलवावं, एवढंच. पण मागायला जीभ रेटत नाही." मी कंपनीत औषधं विकलेली. म्हटलं, मी मागते.
खरं कारण नाही सांगितलं. ताई जन्मापासून बहिरी. दाजींच्या कामापायी सुरतला गेली, तेव्हापासून घरात हातांनी बोलणारं कोणी नाही.

११ जुलै
तहसील. सरांनी संस्थेचा इतिहास काढला. साहेबांची नजर मोबाईलवर. मग मीच तोंड उघडलं.
साहेब : "असे लोक आमच्याकडे येतच नाहीत हो."
"बोलायलाच कोणी नाही, तर येतील कशाला?"
एक सोमवार दिलाय. फुकटात. बघू.
संध्याकाळी ताईला व्हिडिओ लावला. रेंज अशी, की तिचे हात नुसते धूसर. हसली एवढं कळलं. पूर्वी गच्चीवर पापड घालताना आईच्या पाठीमागे केवढं बोलायचो. आईला पत्ता नसायचा.

२१ जुलै, सोमवार
तिघींपैकी आमची संगीता खुर्ची टाकून बसली. दुपारपर्यंत कोणी नाही. मग रुक्मिणीबाई आल्या, बहिऱ्या, सोबत भाऊ.
"तिला काय कळतंय? निराधारच्या पगाराचं हाय, मीच सांगतो न्हवं."
संगीताने हात उचलले. बाईंनी लहानपणी शाळेत शिकलेली भाषा. बाई बघतच राहिल्या. मग पदर खोचून बोलत सुटल्या.
संगीता म्हणाली, "पगाराचं नंतर, म्हणतात. आधी साहेबांचं नाव विचारतायत. इतक्या खेपा घातल्या, यांना काय म्हणायचं तेच माहीत नाही."
साहेबांनी चक्क उभं राहून नाव सांगितलं.
भाऊ पुढे सरकला. मग हळूच, "माझं नाव कसं घेती ती?"
बाईंनी हनुवटीवर बोट ओढलं. भावाच्या हनुवटीवर तिथंच जुना व्रण. "झाडावरनं पडलो हुतो," म्हणाला, आणि बाहेर गेला.
माझंही असं नाव आहे. गालाला दोन बोटं. ते फक्त ताई घेते.

२ ऑगस्ट
दर सोमवारी पगारी दुभाषी बसवायचा प्रस्ताव जिल्ह्याला गेला; तोवर संगीता फुकटातच बसतेय. साहेब : "जोर लावलाय, मॅडम. पण हमी नाही."
संगीताला पुण्यात नोकरी चालून आलीय. "किती थांबू?" 

१० ऑगस्ट
आज रेंज बरी. ताईला रुक्मिणीबाईंचं सगळं सांगितलं. तिने मध्येच थांबवलं. तिकडे दवाखान्यात डॉक्टर दाजींशीच बोलतात, तिच्याकडे बघतही नाहीत. मग विचारलं, आम्ही परत आलो तर त्या कचेरीत असेल का कोणी? दर सोमवारी?
मी हो म्हणून बसले.
मंजुरी अजून नाही. उद्या सोमवार. संगीताचा फोन लागत नाहीये.