घरी किती वेळा फोन करता?

ती. आईस,
नमस्कार. गुडघे काय म्हणतायत? तेल लावतेस ना?

मी मजेत आहे. आमच्या कचेरीत सध्या एकटेपणा मोजायची प्रश्नावली बनतेय. आधी आम्हीच ती भरून पाहिली. एक प्रश्न होता, "घरी किती वेळा फोन करता?" फोन जास्त, तर एकटेपणा कमी. माझे रोजचे तीन! सगळ्यांत सुखी मीच निघाले.

मी साहेबांना म्हटलं, "हा प्रश्न काढा. मोजायचं ते मोजतच नाही."

"कशावरून?" त्यांनी विचारलं. मी आपला पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

फोनवर हे सांगवलं नसतं. तू एवढंच विचारतेस, "जेवलीस का?" मी "हो" म्हणते, आणि तुला सगळं कळतं. असा प्रश्न आम्हाला अजून जमलेला नाही.

तुझी, जेवलेली,
धाकटी