नीमाच्या तळटिपा

१० फेब्रु.
के. सरांनी आज स्टाफरूममध्ये नीमाचा प्रोजेक्ट माझ्यासमोर आपटला. ते समाजशास्त्राचे विभागप्रमुख. मी इंग्रजीची कंत्राटी शिक्षिका. परदेशी मुलांना आठवड्यातून एक तास 'अभ्यासकौशल्यं' शिकवायची, हे वरचं काम.
"ही तुझी कौशल्यं?"
दुसरं प्रकरण उघडलं. पानापानाच्या तळाशी त्यांचं नाव. 'के. सर, वर्गात सांगितलेलं टिपण', आणि तारीख. कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने अख्खं प्रकरण लाल केलंय. सर वर्षानुवर्षं डिक्टेट करतात ती वाक्यं कुठल्याशा परदेशी पाठ्यपुस्तकातली निघाली. शब्दशः.
इथल्या मुलांना ठाऊक असतं. पेपरात सरांचेच शब्द, जसेच्या तसे, त्यावर मार्क. प्रोजेक्टमध्ये तेच, पण फिरवून. नाव कुणाचंच नाही. हे कुणी शिकवत नाही, पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडतं. नीमा टांझानियाहून थेट एम.ए.ला आली. तिला कोण सांगणार.
मी सांगितलं ते एवढंच: दुसऱ्याचं घेतलं की खाली त्याचं नाव. "पुस्तक नसेल, माणूस असेल तर?" तिने विचारलं होतं. तर माणसाचं नाव, तारीख.
तिने तेच केलं. वर्गात एकटीने.

११ फेब्रु.
उपप्राचार्य बाईंची केबिन. चहा, बिस्किटं.
नीमाने माफीपत्रावर सही करायची. इंटरनेटवरून उचललं, चूक झाली. तळटिपा काढायच्या, प्रोजेक्ट पुन्हा द्यायचा. नाही केलं तर प्रगतीचा दाखला थांबणार. मग शिष्यवृत्ती. मग व्हिसा. बाई हे बिस्किट बुडवत सांगत होत्या.
"पण तिने इंटरनेटवरून घेतलेलं नाही."
"ते तुला माहितीय, मला माहितीय. कागदावर काय यायला हवं ते बोल ना."
तिला समजवायचं काम माझं.
कप बशीत ठेवताना जोरात वाजला. माझा निषेध तेवढाच.

१२ फेब्रु.
ऑफिसात सावंत. परदेशी मुलांच्या फाइली त्यांच्याकडे. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात: "बाई, तुमका काय पडलाहा? चेडवाक सांगा, सही कर नि मोकळी हो. जूनात तुमची पर्मनंटची मुलाखत. कमिटीर कोण असतलो?"
के. सर असणार. मला माहीत नाही असं थोडंच आहे.
"सावंत, ती चोर आहे का?"
"चोर खंय नाव लिवन ठेवता?"
आणि हसले. मग म्हणाले, पण सही करूक सांगा.
हे हसणंच मला सहन होत नाही. सगळ्यांना सगळं कळतं इथे.

१४ फेब्रु.
कँटीनमध्ये नीमा. वडा-उसळ पुढ्यात गार होऊ दिली. सगळं ऐकून घेतलं.
"सरांनी ते सांगितलं नव्हतं का?"
"सांगितलं होतं."
"मग त्यांचं नाव का काढू?"
"ते मुळात त्यांचं नव्हतं म्हणून."
"मग ते त्यांनी सांगायचं, ना."
हा 'ना' तिने कांजूरमार्गच्या बायांकडून उचलला. तिचा प्रोजेक्ट डंपिंगवर कचरा वेचणाऱ्या बायांवर आहे. महिनोन्महिने त्यांच्यात बसली. वर्गातली मुलं तिला म्हणाली, "पागल है क्या, सर का नाम कायको डाला?" तिने नक्कल करून दाखवली. हुबेहूब. मी हसले, ती नाही.
घरी येऊन तिसरं प्रकरण वाचलं. बाया शिव्या देतात, तंबाखू मागतात, नीमाला विचारतात, तुझ्या देशात कचरा कोण उचलतं गं. गेल्या कित्येक वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याचं इतकं जिवंत लिखाण हाती आलं नव्हतं. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीतल्या कुणी हे पान उघडलेलं नाही. सॉफ्टवेअरला तिथे काही सापडलं नाही, म्हणून.

१७ फेब्रु.
समिती. बाई, के. सर, आणि बाहेरचे एक गृहस्थ, मोबाइलमध्ये डोकं घालून. माफीपत्र टाइप करून तयार. नीमाने ते दोनदा वाचलं.
"हे मी लिहिलेलं नाही. तळाशी कुणाचं नाव घालू?"
गृहस्थांनी मोबाइल खाली ठेवला.
के. सर माझ्याकडे वळून मराठीत: "बघितलंस? उद्धट असतात हे लोक."
"कोण लोक, सर?"
बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. एखादी सवलत द्यावी तशी.
बाहेर जिन्यात नीमा थांबली. "मॅडम, सही करू?"
"नको."
पटकन म्हणून गेले. गेलं तर तिचं जाणार. शिष्यवृत्ती, पदवी, इथवर आली ते सगळं. माझं त्यात काय? बाणेदारपणा, तोही दुसऱ्याच्या जिवावर. के. सरांचा राग येतो तो सोपा आहे.

२० फेब्रु.
दुपारी नीमाच्या वडिलांचा फोन. शाळामास्तर आहेत. इंग्रजी सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखं.
"माझ्या मुलीने चोरी केली?"
"नाही."
"सही करू नको, असं तुम्ही तिला सांगितलं?"
"हो."
"मग मॅडम, तिने चोरी केली नाही, हे तुम्ही लिहून द्या. ते घेऊन ती आमच्या वकिलातीत जाईल."
आवाजात तक्रार नव्हती. विनंतीही नव्हती. बाप विचारतो तसं विचारलं.
देते म्हटलं.
मग कागद घेऊन बसले. पहिला मसुदा फाडला. त्यात 'गैरसमज' हा शब्द तीन ठिकाणी आला होता. कुणाचाही गैरसमज झालेला नाही. दुसरा साधा. के. सरांनी वर्गात जे सांगितलं ते एका पुस्तकातलं होतं, हे त्यांनी मुलांना सांगितलं नाही. नीमाने जे ऐकलं त्याचा उगम नोंदवला. तिच्यावर ठेवलेला आरोप खोटा आहे. 'खोटा' खोडून 'चुकीचा' केलं. परत 'खोटा' केलं.
खाली पूर्ण नाव घातलं. हुद्दा घातला.
नीमा संध्याकाळी घरी येऊन घेऊन जाणार आहे. उद्या मुदत संपते.
बेल वाजली. सही अजून झालेली नाही.