रंगाचा रकाना

१ मार्च, शनिवार

याही वेळी बाहेरच बसवलं. तीन महिने श्रद्धाच्या मनाची तयारी केली, हात धरून दवाखान्यात आणली, आणि आतल्या दारापाशी नर्सबाई म्हणते, तुम्ही कोण लागता हिच्या? कोण म्हणून सांगू? डूला म्हटलं तर तिला कळेना. बाळंतिणीच्या सोबतीला राहते, धीर देते, असं सांगितलं. सर्टिफिकेट आहे का? नाही. मग बाकडं.

आतून पोरगी मला 'आज्जी, आज्जी' हाका मारत होती आणि मी भिंतीला पाठ लावून बसलेली. तिची आई तिकडे जतला. तिथं टँकर येईल तेव्हा पाणी, म्हणून तर पहिलं बाळंतपण असून सासरी, सांगलीत.

मुलगा झाला. पावणेतीन किलो. दोघं सुखरूप.

चौसष्टाव्या वर्षी कसली ही डूलाची शिकवणी, असं सगळे विचारतात. त्या बाकड्यावरून उठायचंय मला, दुसरं काही नाही. दोन बाळांच्या नोंदी झाल्या, हे तिसरं. एवढं नीट पार पडलं की कागद हातात.

४ मार्च, मंगळवार

कालपासून बाळ घरी. घर हळदीच्या व्यापाऱ्याचं — श्रद्धाच्या नवऱ्याचं, गोमटेशचं, मार्केट यार्डात दुकान, आणि सध्या ऐन हंगाम. उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत सगळ्याला पिवळी झाक. त्याचे शर्ट पिवळे, नोटा पिवळ्या, मांजरसुद्धा!

त्याची आई राजमतीवहिनी. कडक बाई, पण मनात ठेवणारी नाही. उटण्याला म्हणून डबाभर हळद काढून दिली. "आवं काकू, ही विकायची न्हवं. ही घरची हाय."

डाळीचं पीठ, साय, हळद — उटणं माझंच. चाळीस वर्षं याच हातांनी बाळं न्हाऊ घातली. हात बघून वहिनी म्हणाल्या, "काकू, ह्या वयात परत हात पिवळे झाले की तुमचे! नवरदेव कोण म्हणायचा?" श्रद्धा टाके दुखेपर्यंत हसली.

नोंदीच्या वहीत रकाने भरले. दूध किती वेळा, लंगोट किती ओले, रडणं, झोप. 'रंग' या रकान्यात लिहिलं — गोरापान.

५ मार्च, बुधवार

ज्ञानदाचा फोन. साताऱ्याहून शिकवते ती मला. माझ्या लेकीहून लहान, पण बाई ती बाईच. वहीच्या पानाचा फोटो बघून हसू आवरेना तिला. म्हणाली, "काकू, स्थळ बघताय का? रंग म्हणजे गोरा-काळा नव्हे हो. गुलाबी आहे, निळसर आहे की पिवळा पडलाय, ते बघायचं. पिवळा दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवायला सांगायचं. आपण काही ठरवायचं नाही."

लाजच वाटली. पण चूक एकटीची नाही म्हणायची. या घरात उठल्यापासून रंगाचीच चर्चा. श्रद्धा सावळी आहे, गोमटेश उजळ. मी उटणं लावायला बसायच्या आधी वहिनी बजावतात, कानामागं नीट चोळा, तिथला रंग टिकतो. श्रद्धा ऐकते आणि कूस बदलते.

गोरापान खोडलं. पिवळसर लिहिलं. पुढं — हळदीमुळे.

गुडघे ठणकतायत. रिक्षाला पैसे घालवायचे नाहीत म्हणून चालले.

६ मार्च, गुरुवार

बाळ फार शहाणं. रडत नाही, नुसतं झोपतं. दूध प्यायला उठवावं लागतं, चार चोखण्या घेतं की परत झोपलं. वहिनी खूश — "आमचा गोमटेश बी असाच हुता, गुणाचा." बघायला आलेली त्यांची जाऊबाई म्हणाली, सोन्यासारखा रंग चढतोय. वहिनी म्हणाल्या, मग! हळद कुणाची हाय?

मीही हसले. रडणं — नाही. झोप — शांत. रंग — पिवळसर, हळदीमुळे.

श्रद्धा म्हणत होती, छाती भरून येते, दुखते, हा पीतच नाही. म्हटलं, पिईल गं, नवा आहे अजून.

७ मार्च, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी न्हाऊ घालताना उटणं लावलं, पाणी घातलं. बाळाने हूं का चूं केलं नाही. पाणी अंगावर पडलं की कुठलंही बाळ आकांत करतं. पंच्यात गुंडाळून खिडकीशी आणलं. उन्हाची तिरीप तोंडावर आली तसे त्याने डोळे उघडले. किलकिले, पण उघडले. घरी आल्यापासून मी त्याचे उघडे डोळे नीट बघितलेच नव्हते!

डोळ्यांतलं पांढरं पिवळं होतं.

डोळ्यांना कुणी हळद लावत नाही.

बाळ पंच्यासकट छातीशी धरलं. मग श्रद्धाला म्हटलं, चप्पल घाल. वहिनी आडव्या आल्या. काय झालंय काय त्याला? एवढं निजतंय पोर, चांगलं कोवळं ऊन दाखवू, गडबड कशाला? म्हणाल्या, "हळद हाय ती, काकू. तुमीच लावली न्हवं का?"

"मीच लावली, वहिनी. म्हणून तर मला दिसलं नाही."

श्रद्धा तोवर दारात. सासूचं उत्तर ऐकायला थांबली नाही ती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दवाखान्यात रक्त तपासलं. कावीळ बरीच चढली होती. निळ्या दिव्याखाली ठेवलंय, डोळ्यांवर पट्टी. पावणेतीन किलोचा जीव, त्यातही वजन उतरलेलं. डॉक्टर म्हणाल्या, आणलंत ते बरं केलंत, आणखी थांबून चाललं नसतं. अंगाला काय लावलंय, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत त्याच बाकड्यावर.

८ मार्च, शनिवार

अजून दिव्याखालीच. वहिनी डबा घेऊन आल्या, माझ्याकडे न बघता माझ्या शेजारी बसल्या. विचारलं, तुमच्या वहीत हे नव्हतं का? म्हटलं, होतं. पिवळा म्हणून मीच लिहिलं होतं, आणि हळदीमुळे हेही मीच लिहिलं.

त्यांनी डबा उघडून माझ्यापुढं केला.

१० मार्च, सोमवार

बाळ घरी! दवाखान्यातून निघताना असं रडलं की रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. दूध ओढून ओढून पितं. श्रद्धा रडली, मग झोपली.

आज उटणं नाही. नुसतं कोमट पाणी. हळदीच्या डब्याला कुणी हात लावला नाही. वहिनींनी तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

मी घरी येऊन वही उघडली. 'हळदीमुळे' दोन ठिकाणी. खोडायला पेन टेकवलं होतं. गोरापान नाही का खोडलं? ते खोडताना लाज वाटली होती. हे खोडलं तर कशाची वाटेल, ते मला ठाऊक आहे. तसंच ठेवलं. खाली लिहिलं — डोळे बघितले नाहीत. ज्ञानदाला फोटो पाठवून दिले.

१३ मार्च, गुरुवार

ज्ञानदा बराच वेळ बोलली. या बाळाची नोंद धरता येणार नाही. आपण सोबत करायची, धीर द्यायचा, दिसेल ते लिहायचं. अंगाला लावणं आपल्या कामात बसत नाही. मग म्हणाली, "काकू, लावणाऱ्या तुम्ही आणि बघणाऱ्याही तुम्हीच, मग बघणार कोण?"

बरोबर आहे.

आणखी एक बाळ पाहिजे. पण आता मला कोण बोलावणार? व्यापाऱ्याचं घर, एव्हाना अर्ध्या सांगलीत पसरलं असेल. थकले. चाळीस वर्षांच्या हातांना आज कळलं की ते डोळ्यांच्या आड आले होते.

२१ मार्च, शुक्रवार

काही नाही. ज्वारी निवडली. पाय शेकले.

१४ एप्रिल, सोमवार

श्रद्धाने बोलावलं. आज बाळाला पहिल्यांदा बस्तीत, त्यांच्या जैन मंदिरात नेलं, देवापुढं ठेवून कानात णमोकार मंत्र म्हटला. नाव ठेवलंय आर्जव. मी बाहेर कट्ट्यावर बसणार होते, श्रद्धाने दंडाला धरून आत नेलं.

बाळ छान भरलंय. टपोरे डोळे, पांढरेशुभ्र. मी आधी तेच बघितले, आणि वहिनींनी मला बघताना बघितलं. त्यांची जाऊबाई म्हणालीच — आता रंग जरा उतरल्यागत वाटतो, न्हाई? वहिनी ताडकन म्हणाल्या, "आईवर गेलाय. सावळाच हाय."

श्रद्धा पदर सावरायच्या निमित्ताने मान खाली घालून हसत होती.

मला मात्र वहिनींनी प्रसाद दिला, एवढंच.

१६ एप्रिल, बुधवार

राजमतीवहिनींचा फोन. लेक ब्राह्मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय, सातवा लागलाय. मग म्हणाल्या, "काकू, हळदीला हात लावायचा न्हाई. वही तेवढी घेऊन या."