अक्षताचा शेवटचा भाग

६ जानेवारी, सोमवार
शाळेतल्या अरुंधती मॅडम आल्त्या. रविवारी विहारात जुन्या मासिकांचं प्रदर्शन हाय. मासिकांनी गावावर काय परिणाम केला, त्याच्यावर मी बोलायचं. बराबर माणूस गाठलं. गल्लीत मासिक आणलं कोणी? आमच्या ह्यांनी, कारखान्यातून येताना. घरोघर फिरायचं. वाचलं की मागच्या पानावर सही-तारीख, मंग पुढचं घर. स्वेटर, कुकरातला केक, पाळणा लांबवणं, सगळं त्याच्यातूनच शिकली गल्ली. भाषण आजच लिहिते.

७ जानेवारी
न्हाई लिहिलं. आठवली ती अक्षताची गोष्ट. दर महिन्याला एक भाग यायचा. अक्षता नवऱ्याचं घर सोडून निघाली, आन शेवटच्या भागाच्या महिन्यातच हे वारले. तो अंक मी पाहिलाच न्हाई. बाया भेटायला येऊन गुमसुम बसायच्या. मंग मीच ठोकून दिलं, मला अंक भेटला, अक्षता नर्स झाली. पंचवीस वर्षं झाली, एकीला संशय न्हाई. पुष्पाबाईनं तर पोरीचं नाव अक्षता ठेवलं, नर्स केली. रविवारी तीच उद्घाटनाला येऊन राह्यली. आन तो अंक तिथं निघाला तर?

८ जानेवारी, सकाळ
मॅडमनी विहारात मासिकांचं खोकं ठेवलं, त्याच्यातून तो अंक उडवायचा. बिलकुल सोपं काम.

संध्याकाळ
खोक्यात हात घातला तर विणकामाचं पान लागलं. दोन तास टाके मोजले. शेजारची गोजरबाई बाजूला बसून हसून राह्यली. तिच्या चष्म्यातून म्हैस आन मासिक सारखंच दिसतं. तिची भीती न्हाई.

१० जानेवारी
चहात मीठ पडलं. तीनदा विहारापर्यंत जाऊन आले. भाषणाची एक ओळ झाली: नमस्कार. उद्या पक्कं.

११ जानेवारी
भेटला. पदराखाली घालून आणला, वाचला. अक्षता घरी परत जाती, नवऱ्याचे पाय धरती. बरं झालं, कोणी वाचलं न्हाई.

मंग मागचं पान उलटलं. गोजरा. सोनूबाई. पुष्पा. साऱ्या गल्लीच्या सह्या, हे गेले त्याच महिन्याच्या. सगळ्यात खाली कोणीतरी माझं नाव, 'गिरिजा', लिहून ठेवलेलं. पुढं सही-तारखेची जागा कोरी.

१२ जानेवारी, रविवार
भाषण नमस्कारावर अडकलं. एका पोरीनं विचारलं, त्या अक्षताचं शेवटी काय झालं? पुष्पाबाई म्हन्ली, "नर्स झाली की. समोर बसली, दिसंना का?" साऱ्या बाया गंभीर. गोजरबाईनं तेवढा पदर तोंडाला लावला.

अंक गुपचूप खोक्यात ठेवायला गेले तर गोजरबाईनं पेनच पुढं केला. म्हन्ली, "तारीख आजचीच टाक. लई उशीर केला बाई."

सही केली. तारीख आजचीच टाकली.