उपाशी पोटी या

बाबा,

भद्रावतीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तुम्ही रंगवल्यात, आणि सगळ्यांवर अवतरणचिन्हं काढलीत. “ताजे” समोसे. “लेडीज” टेलर. “शुद्ध” दूध. मी दहावीत असताना डेअरीवाल्या काकांसमोरच तुम्हाला म्हणाले, "शुद्धला अशी चिन्हं लावली की अर्थ होतो, नावालाच शुद्ध." काका भडकले. "म्हंजे मी पानी टाकतो म्हनते का तुमची पोरगी?" तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "नाई भाऊ, थे शाळेतलं बोलून राह्यली." तरी चिन्हं पुसावी लागलीच. घरी येताना सायकलवर एवढंच बोललात, "शब्द उघडा दिसते माय. दोन्हीकून काहीतरी पायजे."

आता मी चंद्रपूरला एका दवाखान्यात बसून त्यांचे प्रोग्रॅम लिहिते. पेशंटला मोबाइलवर निरोप जातो. तो मजकूर अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो, नाहीतर कॉम्प्युटर त्याला हुकूम समजतो. मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप चिन्हांसकट पाठवला. चिन्हं आयतीच आहेत म्हणून मी तशीच चिकटवली, आणि प्रोग्रॅम चालेचना. दोन तासांनी कळलं, फोनची चिन्हं तुमच्या पाट्यांवरच्यासारखी शेपटीवाली होती. कॉम्प्युटरला सरळ काड्याच लागतात.

मग बाई म्हणाल्या, निरोप दोन ओळींत करा. त्यासाठी दोन्ही टोकांना तीन-तीन चिन्हं लावतात. तीन, बाबा! तुम्ही खूश झाला असता. फक्त एक खोड आहे: त्या चिन्हांच्या आत जे असेल ते जसंच्या तसं जातं, मोकळी जागासुद्धा. मी दुसरी ओळ प्रोग्रॅममध्ये नीटनेटकी दिसावी म्हणून चांगली आत सरकवून लिहिली होती.

काल पोंभुर्ण्याचे एक आजोबा पहिल्या गाडीने रक्त तपासायला आले. फोन माझ्यापुढे धरला. वर ‘उपाशी पोटी’, आणि खाली, पार मधोमध, ‘या’.

"पोरी, एवढी जागा काऊन सोडली?"

"चुकून सुटली, आजोबा."

"मले वाटलं, काय खायाचं थे लिहाचं राह्यलं. मनून पोहे खाऊन आलो."

तपासणी आजच्या दिवसावर ढकलली. परत जाऊन पुन्हा येणं त्यांच्या गुडघ्यांना जमणार नव्हतं, म्हणून मी त्यांना घरी आणलं. आईने वांग्याची भाजी केली. त्यांनी दोनदा मागून घेतली. आज सकाळी चहासुद्धा न देता दवाखान्यात पोचवलं. वाटेत म्हणाले, "कॉम्प्युटर बी चुकते म्हना." मी हो म्हणाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. डॉक्टरबाईंनाही मी कॉम्प्युटरच चुकला असं सांगितलंय.