साहेबांच्या माशांचं पाणी

भूम, २ सप्टेंबर १९५८
साहेब महिनाभर ट्रेनिंगला मुंबईला गेले. जाताना काचेची पेटी माझ्या हवाली. आत सहा एंजल मासे. एवढ्या कचेरीत माझ्याच! म्हणाले, अंबादासराव, यांना सॉफ्ट वॉटर लागतं, जपा. तुमच्या तुळजापूरच्या बदलीचं आल्यावर बघू. म्हणजे बदली झालीच. अडचण एकच. आपल्या विहिरीचं पाणी लई जड. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. पाणी मऊ करायची पद्धत उद्या दहाच्या आत ठरवतो.

३ सप्टेंबर
ठरली नाही. विचार पक्का आहे, पद्धत तेवढी राहिली.
त्यात घरी कटकट. सासरे अण्णा आजारपणामुळं तुळजापूरहून आमच्याकडं आलेत. तोंडात एक दात नाही. वरण कच्चं लागतं म्हणून ताट तसंच सारतात. चंद्रप्रभा म्हणाली, अहो, अण्णांच्या पोटात तीन दिवस धड काही नाही, काहीतरी करा. मी म्हटलं, आधी मासे.

५ सप्टेंबर
तुरटी फिरवली. पाणी आरशासारखं लख्ख. साबण लावला, फेस नाही. तुरटी बाद. दाढीला ठेवली. दाढी करताना कापलं.

८ सप्टेंबर
सापडली! पाणी खळखळा उकळायचं, निवू द्यायचं. पातेल्याच्या तळाशी चुन्यासारखी पांढरी पापडी बसते. जडपणा तो हाच. वरचं पाणी तीन मडक्यांतून गाळायचं: वाळू, कोळसा, फडकं. साबण लावून पाहिला तर वाडगाभर फेस! चूल चंद्रप्रभेनं फुंकायची, पेटीतलं पाणीही तिनंच बदलायचं. देखरेख माझी.

१४ सप्टेंबर
मासे टवटवीत. अण्णाही. काल दोनदा वरण मागून घेतलं. इथली हवा मानवली, शिवाय माझ्या घरची शिस्त. पहिले दोन दिवस मासळी घरात आणली म्हणून पेटीकडं पाठ करून बसायचे. आता तिच्यापुढंच बसतात आणि माशांशी गप्पा मारतात. सगळ्यात मोठ्याचं नाव पाटील ठेवलंय. कारण विचारलं तर म्हणाले, काम काही नाही, नुसता फिरून बघतो.

१९ सप्टेंबर
चैन नाही. साहेबांचा मुक्काम संपत आला. पाणी मऊ आहे, पण पुरेसं मऊ आहे का? पेटीतल्या पाण्याची साबण लावून टेस्ट घेणार होतो. माशांना त्रास नको म्हणून रद्द. आणि पद्धत माझी असताना टेस्ट कशाला?

२१ सप्टेंबर, सकाळ
शेजारची रुद्रम्मा तांब्या घेऊन दारात. म्हणते, भाऊ, ते मासळीचं पाणी थोडं आमाला बी द्या, तुमच्या घरी डाळ कशी लोण्यावानी शिजतीया! मी सर्द.
चंद्रप्रभेला विचारलं. लपवलं नाही की लाजली नाही. म्हणाली, मऊ पाणी अण्णांच्या वरणाला, विहिरीचं माशांना. पहिल्यापासून. मासे कुरकुरले का? अण्णा मात्र कुरकुरायचे थांबले.
अशी बाई! माझी बदली वरणात घातली!

२२ सप्टेंबर
मडक्यांच्या तोंडाला दोऱ्या बांधल्या. कुणी हात लावायचा नाही. आता अर्धवट काम नको. मोटारीचा मेकॅनिक जलील बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर ठेवतो, ते सांगून आलो. विचारत होता, कौनसी गाडी ली साब? मी नुसता हसलो.

२४ सप्टेंबर
पेटीतलं सगळं पाणी एका दमात काढून बॅटरीचं पाणी भरलं. इतकं स्वच्छ की पाणी आहे असं वाटतच नाही. अण्णा म्हणाले, जावईबापू, पाटील घाबरलाय. म्हाताऱ्या माणसाला काय कळतं!
संध्याकाळी: मासे कोपऱ्यात गोळा झालेत. विश्रांती.

२५ सप्टेंबर
तिघे आडवे. आणखी खोल विश्रांती असेल.

२६ सप्टेंबर
पाच गेले. पाटील दिसतच नाही, मांजरानं नेला. कारण उघड आहे. विहिरीच्या पाण्याचं विष अंगात साठलेलं, ते आता बाहेर आलं. तरी साहेबांसाठी खुलासा लिहायला घेतला.
डाळ पुन्हा कच्ची. अण्णांनी ताट सारलं. हळूच म्हणाले, मला तुळजापूरच्या वाटेला लावा, तिथं सुनेच्या हातचं बरं शिजतं. रागानं बोलले असते तर मीही बोललो असतो.

३० सप्टेंबर
साहेब आले. माझा खुलासा तयार होता. सुरुवात केली तोच चंद्रप्रभेनं आतून घागर आणून ठेवली. आत पाटील! ऐटीत फिरत होता. बॅटरीचं पाणी भरलं त्या संध्याकाळीच तिनं तो काढून घेतला होता. साहेबांनी विचारलं, पाणी कुठलं? ती म्हणाली, विहिरीचं.
साहेब हसले. बंगल्यावरही शिपाई हरिबा त्याच विहिरीचं भरायचा म्हणे. सॉफ्ट वॉटरचं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून आपलं सांगून ठेवलं. पाटलाला पेटीसकट घेऊन गेले. बदलीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

१ ऑक्टोबर
सकाळी अण्णांनी गाठोडं बांधलं. येरमाळ्याच्या गाडीनं तुळजापूरला निघणार होते. पेटीच्या रिकाम्या जागेकडं बघत बसले होते.
मला बसवेना. मडक्यांच्या दोऱ्या सोडल्या, पातेलं चढवलं, चूल पेटवायला बसलो. धुरानं डोळे चुरचुरले. चंद्रप्रभा म्हणाली, आता कुणासाठी? मासे तर गेले. मी म्हटलं, डाळ धू. तिनं फुंकणी माझ्या हातात दिली आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. महिन्याभरात तिला अशी बसलेली पाहिली नव्हती.
पद्धत माझीच होती, हे इथं नोंदवून ठेवतो.
अण्णांनी दोन वाट्या वरण घेतलं. धुरकट लागतंय म्हणाले. तिसरी मागितली, तेवढ्यात गाडी चुकली.