‘जाऊदे’ म्हणजे काय

१४ मार्च, दुपारी चार

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो. बाबा तुझा विषय काढत नाहीत आणि कुणाला काढूही देत नाहीत. तू बरा असशील असं धरून चालते, कारण माझ्या दोन्ही फोनना तू उत्तर दिलेलं नाहीस.

पत्राचं कारण कामाचं आहे. तू गेल्यापासून ऑफिसात माझी जागा सोडून तुझ्या खुर्चीत मी बसते, आणि तुझ्या कॉम्प्युटरने माझं डोकं पिकवलंय. शब्दकोशाची पानं सांभाळणाऱ्या त्या प्रोग्रामला लांबलचक कमांड टाइप करून द्याव्या लागतात, त्याचा तुला कंटाळा. म्हणून तू प्रत्येक कमांडला एक छोटं नाव देऊन ठेवलंस. ठेवलंस ते ठेवलंस, कुठेतरी दोन ओळी खरडायला काय झालं होतं? त्रेचाळीस नावं आहेत. मालकांना संध्याकाळपर्यंत त्यांचे अर्थ कागदावर हवेत, नवीन माणसांसाठी.

‘आई’ टाइप केलं की काय काय करायचं राहिलंय त्याची यादी येते. ‘बाबा’ सगळं काम करतो आणि एक अक्षर बोलत नाही. इथवर मी हसले. पण ‘बघू’ म्हणजे नुसतं बघणं आणि ‘बघतो’ म्हणजे पानं थेट छापखान्याकडे रवाना, हे कुणाच्या बापाला कळणार? काल छापखान्यातून फोन आला, अर्धवट पानं का पाठवलीत म्हणून. तुझ्या नावाने बोटं मोडली मी.

बेचाळीस अर्थ लिहून झाले. एक राहिलाय. तो मला तुला विचारायचा नाही. तो मला सप्टेंबरपासून माहीत आहे.

त्या दिवशी तू दाताच्या डॉक्टरकडे होतास आणि मला तुझ्या कॉम्प्युटरवरून एक जुनं पान काढायचं होतं. तू तोंडात कापूस धरून फोनवर म्हणालास, "आधी माझ्या दुरुस्त्या बाजूला ठेव. शॉर्टकट आहे, ‘राहूदे’." मी घाईघाईत ‘जाऊदे’ टाइप केलं. तुझ्या तोंडी दोन्ही एकच असतात रे. जेवायला बोलावलं तरी कधी राहू दे, कधी जाऊ दे. मशीनला मात्र फरक कळतो. ‘राहूदे’ जपून ठेवतं, ‘जाऊदे’ पुसून टाकतं. तुझ्या पाच दिवसांच्या दुरुस्त्या गेल्या, आणि त्याने मला साधं ‘नक्की का?’ असंही विचारलं नाही.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तू म्हणालास, "माझ्याच हातून उडालं असणार." तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास का? सहा महिने मी तेच आठवतेय. मी मान खाली घालून कागद चाळत होते. मग तुला कामावरून काढलं, बाबा तुला निष्काळजी म्हणाले, तू बॅग भरलीस, आणि मी दारात तुझ्या हातात पाण्याची बाटली दिली. तोंड उघडलं नाही. मला माझीच चीड येते. आणि खरं सांगू, तुझीही येते. तुला कळलं होतं, तर माझा कान का नाही धरलास?

इथे पत्र अर्धवट ठेवून मी मालकांच्या खोलीत जाऊन आले. सगळं सांगितलं. त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी दिला. माझ्याकडून टेबलाची किल्ली त्यांनी परत घेतली. घरी आज आईला आधी सांगणार आहे, मग जेवताना बाबांना. बाबा ताटावरून उठले तर उठले.

तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर फोनवर नकोत. समोर येऊन दे.

आजपासून बिनकामाची,
तुझी धाकटी